भरतीचा गडी

दादा, तुझ्या पिंडाला कावळा शिवला नाही. हे मी आधीच सांगून टाकते. कारण पुढचे सारे सांगताना सुंदर शब्दांच्या आड उभे राहण्याचा मला मोह होईल, आणि माझी ती सवय तुला चांगली ठाऊक होती.

त्या सकाळी पवनेचे पाणी संथ आणि हिरवट होते. घाटाच्या पायऱ्यांना शेवाळाचा, भिजलेल्या पिठाचा, विझत आलेल्या उदबत्तीचा वास येत होता. चुलतभाऊ सखाराम ओल्या पंच्याने पिंड मांडून बाजूला झाला. वहिनी, तुझ्या दोघी मुली आणि मी, आम्ही बायका वडाखाली उभ्या होतो. पुरुष पिंडापासून दूर, अर्धवर्तुळ करून. समोरच्या उंबरावर एकच कावळा होता. तो मान तिरकी करून पाही, चोच फांदीला घाशी, पण खाली येईना.

गेलेल्या माणसाच्या मनात काहीतरी राहिले आहे, असे अशा वेळी आपल्याकडे समजतात, आणि एकेक जण पुढे होऊन त्याला शब्द देतो. कारखान्यातले तुझ्या खात्याचे सोबती आधी गेले. थोरलीच्या लग्नात आम्ही घरचे म्हणून उभे राहू, असे ते म्हणाले. कावळा हलला नाही. वहिनी गेली, पदर तोंडाशी धरून ती काय बोलली, ते कोणालाच ऐकू आले नाही. कावळा हलला नाही. मग तळेगावच्या हुतूतू संघाचे खेळाडू पुढे झाले आणि म्हणाले की, येत्या हंगामात तुझी जागा ते कोणालाही देणार नाहीत. माझ्या मागे कोणीतरी पुटपुटले, "जिता व्हता तवा कडंला बसवला, आता जागा ठिवत्यात." बायका पदराआड हसल्या. वहिनीसुद्धा हसली, दादा, आणि मग तिला रडू आवरेना.

शेवटी मी शिकवते त्या शाळेचे हेडमास्तर पुढे आले. शाळेत दरवर्षी खरे बोलणाऱ्या मुलीला तुझ्या नावाचे पारितोषिक देऊ, असा शब्द त्यांनी दिला आणि वडाकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्हीही दोन शब्द बोला. ही गोष्ट जगाला सांगितलीत ती तुम्हीच."

मी पुढे झाले. पायांखालचा दगड गार होता. मी हात जोडले आणि म्हणाले, "दादा, ज्या एका श्वासासाठी तू सारे गाव गमावलेस, तो श्वास आम्ही विझू देणार नाही."

वाक्य चांगले बांधलेले होते. माना डोलल्या. बाजूला आपल्या गावची मंडळी उभी होती. त्यांनी मात्र खाली पाहिले. हुतूतूच्या संघाचे जुने नायक आप्पा फेट्याचा सुटलेला शेव पुन्हापुन्हा खोचत होते. मला वाटले, हा पश्चात्ताप. आणि त्याच क्षणी कावळा उडाला व पैलतीरावरच्या बाभळीत जाऊन बसला.

थोड्या वेळाने कारखान्यांच्या दिशेने भोंगा झाला. दुसऱ्या पाळीची माणसे एकमेकांकडे पाहू लागली. विधी सांगणाऱ्या गुरुजींनी दर्भाच्या काड्या वळून एक कावळा केला, त्याची चोच पिंडाला टेकवली आणि म्हणाले, "शिवला." लोक सायकलींकडे वळले. गवताच्या कावळ्यावर तुझी बोळवण झाली, दादा, आणि त्यात सर्वांना हायसे वाटले. मलाही वाटले.

ज्या गोष्टीचा हेडमास्तरांनी उल्लेख केला, ती तू माझ्या तोंडून एकदा ऐकली आहेस. आज ती तशीच पुन्हा लिहिते. तिच्यात तू किती होतास आणि मी किती होते, ते कागदावर दिसू दे.

एका गावात हुतूतूचा एक खेळाडू होता. जत्रेतला अखेरचा सामना. बाकीचे सारे बाद झालेले, हा एकटा उरलेला. 'हुतूतू' म्हणत तो एका दमात पलीकडच्या अंगणात शिरला, गड्याला शिवला, परत फिरला, आणि मध्यरेषा हातभर दूर असताना त्याचा दम तुटला. पंचांना ते कळले नाही. लोकांना कळले नाही. तरी त्याने स्वतः हात वर केला. गाव हरले, आणि खरे बोलल्याबद्दल गावाने त्याला संघातून काढून टाकले. तो जन्मभर परक्यांसाठी खेळत राहिला.

शेवटच्या वाक्याला मी आवाज खाली आणत असे. मुलींचे डोळे भरून येत. मग मी तात्पर्य विचारी आणि त्या ते पाटीवर लिहीत. दर वर्षीच्या वर्गाला मी ही गोष्ट सांगितली. मुली ती घरी नेत, सुट्टीत मामाच्या गावी नेत. मी तुझे नाव कधी घेतले नाही. पण चाकणच्या बाजूचे ते गाव कोणते, हे ओळखायला कोणाला नावाची गरज पडली नाही.

आणि तू मला काय सांगितले होतेस? त्या संध्याकाळी तू आडावर पाय धूत होतास. गुडघे फुटलेले, त्यांवर वाळलेली लाल माती, अंगाला घामाचा आणि चुरगळलेल्या तरवडाचा वास. मी विचारले, काय झाले? तू म्हणालास, "दम गेला. हात वर केला. हरलो. भाकर वाढ." एवढेच. पुढच्या वर्षी गावाच्या संघातून तुला बोलावणे आले नाही. या दोन गोष्टींची गाठ मी मारली. तू ती कधीच मारली नव्हतीस.

मला आठवते, आपण लहान होतो तेव्हा वडील शाळेतून आल्यावर माझ्याकडून श्लोक म्हणून घेत, आणि तू अंगणात दम वाढवत असायचास. माझा श्लोक एका श्वासात संपतो की तुझे हुतूतू आधी संपते, अशी आपली पैज. तू डोळे मिटून, एक हात पोटावर ठेवून, भुंग्यासारखा गुणगुणत राहायचास. तुझा तो आवाज भिंतीतून माझ्या पाठीला जाणवे. ओळीत कुठे थांबायचे, कुठे श्वास चोरून पुढे जायचे, हे मला पुढे पुण्यात पुस्तकांतून शिकवले गेले, पण मला ते आधीच येत होते. ते तुझ्या पोटातून आले होते. इतक्या वर्षांत मी हे तुला एकदाही सांगितले नाही. तुझ्यावर गोष्ट रचायला मला वेळ होता.

तू मोठा खेळाडू नव्हतास. हे लिहिताना माझी लेखणी अडखळते. तुझी जीभ कधी अडखळली नाही. "मी भरतीचा गडी," तू सरळ सांगायचास. कोणत्या संघात माणूस कमी पडला की पाळी सुटायच्या वेळी कारखान्याच्या फाटकाशी सायकल उभी राही, आणि तू डबा कोणाच्या तरी हाती घरी धाडून त्या सायकलच्या दांडीवर बसून जायचास. तळेगावासाठी खेळलास, तळवड्यासाठी खेळलास, चिंचवडच्या एका तालमीसाठी खेळलास, खडकीच्या कामगारांबरोबर खेळलास. कोणी एक हंगाम ठेवले, कोणी एका सामन्यापुरते. जो तो आपापला बनियन देई, आणि कोणी परत मागितला नाही, म्हणजे त्या बनियनांचे मोल काय असेल ते समज. वहिनी ते सगळे एकदम धुवायची. चाळीच्या कठड्याला बांधलेल्या दोरीवर निळा, भगवा, पिवळा, विटका हिरवा, असे ओळीने वाळत घातलेले असत आणि वाऱ्याने एकमेकांवर आपटत. "बघा वन्सं," ती म्हणायची, "ह्यांचा एकट्याचाच सामना चाललाय दोरीवर."

कारखान्याने स्वतःचा संघ काढला तेव्हा तुला वाटले, आता एक ठिकाण झाले. पण तिथे नवे नियम आले, आणि 'हुतूतू' सोडून 'कबड्डी' म्हणायचे ठरले. तू माझ्याकडे आलास, पाटावर बसलास आणि वैतागून म्हणालास की, या शब्दाला खडे लागतात. खरेच होते. हुतूतू तोंडातून वाहते. कबड्डी मध्येच दाताला अडते आणि दम सांडतो. मग मी तुला मात्रा मोजून दिल्या, कुठे जोर सोडायचा, कुठे शब्द गिळायचा. ओट्यावर पोळ्या करपत होत्या आणि आपण दोघे भिंतीला टेकून 'कबड्डी कबड्डी' करत होतो. शेजारची म्हातारी दारात येऊन विचारून गेली, कोणाला उचकी लागली का. माझ्या सर्व शिक्षणाचा त्याहून चांगला उपयोग मी केलेला नाही. दोन हंगामांनी त्या संघातूनही तू गळलास, कारण तुझ्याहून चपळ मुले कामावर लागली. तू त्यांचे टॉवेल सांभाळत कडेला बसू लागलास. मला ते पाहवत नव्हते, असे मी म्हणत असे. खरे म्हणजे मी ते कधी पाहिलेच नव्हते. तुझा एकही सामना मी पाहिला नाही. उघड्या अंगाचे पुरुष, धूळ, शिव्या; शाळेतल्या बाईने तिथे कसे जायचे?

गोष्ट ऐकलीस त्या दिवशी तू माझ्यासाठी ओल्या हरभऱ्याची जुडी घेऊन शाळेत आलास. मी वर्गात होते, गोष्ट रंगात आली होती, आणि खिडकीबाहेर तू उभा होतास हे मला मुलींच्या माना वळल्या तेव्हा कळले. शाळा सुटल्यावर आपण नदीच्या पुलापर्यंत चालत गेलो. तू घाटे सोलून माझ्या हातावर ठेवत होतास. दाणे गार होते, बोटांना हिरवा, आंबूस वास लागत होता.

"मास्तरीण," तू म्हणालास, "माझा धडा करू नको."

मी म्हणाले, हा तुझा गौरव आहे.

"मला गावाकडं जायला लाज वाटती."

"लाज त्यांना वाटायला हवी, दादा. तुला नव्हे."

तू थांबलास. हातातला घाटा सोलायचा राहिला. "तू कधी सामना बघितलाईस का?"

मी काय उत्तर दिले, ते आठवून आता मला तोंड लपवावेसे वाटते. मी म्हणाले, पाणी कसे असते हे कळायला प्रत्येकाला नदीत उतरावे लागत नाही. तू माझ्याकडे पाहिलेस आणि हसून "बरं," म्हणालास. आपला वाद तिथेच थांबला. मला वाटले, मी जिंकले. तू विनयाने गप्प बसलास, असेही मी धरून चालले. आणि पुढच्या वर्गाला गोष्ट सांगताना त्या विनयाचे एक वाक्य वाढवले.

आजारात तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. तुझा श्वास उथळ लागे. उशाशी बसून मी नकळत त्याच्या मात्रा मोजत असे. दुपारची वेळ होती, वहिनी उसाचा रस गाळत होती. तू विचारलेस, "आप्पा आला का?" दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलेस. गाव काही सातासमुद्रापलीकडे नव्हते. सकाळी निरोप धाडला असता तर संध्याकाळी ते दारात असते. मी तो धाडला नाही. ज्याने तुला हाकलले त्याने आपण होऊन यावे, आपल्या चुकीच्या ओझ्याने यावे, अशी माझी इच्छा होती. मरणाच्या दारातही मला माझ्या गोष्टीचा शेवट नीट हवा होता. वहिनीलाही मी थांबवले. ती अडाणी म्हणून नव्हे, मी शिकलेली म्हणून तिने माझे ऐकले.

घाटावरून लोक निघून गेल्यावर मी आप्पांपाशी गेले. ते शेवटच्या पायरीवर बसून पंचा पिळत होते. मी म्हणाले, "आप्पा, आता तरी मनातलं बोला. मघाशी बोलला असतात तर कदाचित कावळा शिवला असता."

"काय बोलू, बाई?"

"हात वर केला म्हणून तुम्ही त्याला काढलंत, ते चुकलं एवढं."

त्यांनी पंचा झटकला. पाण्याचे थेंब माझ्या पायांवर उडाले. "हात वर केला त्ये खरं," ते म्हणाले. "पर त्यात नवल काय? आमच्यात दम गेला की गडी सोताच हात वर करतो. मी केलाय. माझ्या बापानं केलाय. पंच काय तोंडाला कान लावून बसतोय व्हय? ज्यो करनार न्हाई, त्याला दुसऱ्या दिशी तालमीत कोन उभा करंल?"

मी विचारले, मग पुढच्या वर्षी त्याला का बोलावले नाही?

"त्याच्यापरीस बरा गडी घावला म्हनून," ते हळू म्हणाले. "पकड उशिरा बसायची त्याची. डावा कोपरा धरून उभा ऱ्हायचा, पाय धरायला जायचा, आन् पाय गेलेला असायचा. मीच सांगितलं त्याला. तर म्हनला, आप्पा, बरं केलंस, मी कडंनं आरोळी मारतो. दर जत्रंला यायचा. आमच्यात बसायचा, आरोळ्या मारायचा, आमच्या ताटात जेवायचा. तुमची गोष्ट फिरली, तवापास्नं बंद झाला. बाजारात पोरीबाळी आमाला म्हनायच्या, खऱ्या मानसाला हाकलनारं गाव त्ये ह्येच का. आमी त्याला काय बोललो न्हाई. पर त्योच नजर वर करीना."

"तो आजारात तुम्हाला विचारत होता," मी म्हणाले.

आप्पांनी माझ्याकडे पाहिले, आणि पहिल्यांदाच 'बाई' म्हणाले नाहीत. "मग सांगावा न्हाई का धाडायचा, पोरी? आमाला वाटलं, तुमच्या उंबऱ्यात आमाला जागा न्हाई."

सूर्य माथ्यावर आला होता. दर्भाचा कावळा पिंडाशी आडवा पडला होता आणि त्याच्यावर मुंग्या चढत होत्या. मग आप्पा आपणच हसले, म्हणाले, "पकड सुटली ना, की हसायचा. पार धुळीत आडवा पडून हसायचा. पाय दुसऱ्याचा सुटला आन् मजा ह्याला. आमी चिडायचो. पर त्याला हसताना बघून समोरचा गडी बी हसायचा, आन् त्याचाबी दम जायचा कधी कधी. तेवढी एक पकड त्याची चांगली व्हती."

तू खेळताना हसायचास, हे मला ठाऊक नव्हते. तुझ्यावर इतकी वर्षे बोललेल्या बाईला ठाऊक नव्हते. माझ्या गोष्टीतला तू कधीच हसला नाहीस. तिथे तुला तशी जागाच ठेवली नव्हती. जे तुमच्यात पाणी पिण्याइतके साधे होते, त्याचा मी दिवा केला, आणि त्याच्या उजेडात तुझी सगळी माणसे मला काळी दिसली. तू माझा भाऊ होतास म्हणून तू मला खोटे पाडले नाहीस. गावात नजर खाली घालणे तू पत्करलेस, आणि वर्गातला माझा मान राखलास.

हेडमास्तरांकडे जाऊन मी म्हणाले की, ते पारितोषिक नको, गोष्ट खरी नाही. ते चकित झाले. पिंडासमोर दिलेला शब्द आहे, म्हणाले. शब्द तर मीही दिला होता. वाद अजून मिटलेला नाही. मी पुन्हा जाणार आहे.

परवा वर्गात मुलींनी गोष्ट मागितली. तुझी धाकटी दुसऱ्या रांगेत बसते. वडील गेल्यापासून ती कोणाशी फारसे बोलत नव्हती. मी खुर्चीवरून उठले आणि खिडकीपाशी, तू उभा होतास तिथे, जाऊन उभी राहिले. म्हणाले, हुतूतूचा एक खेळाडू होता. तो फार चांगला नव्हता. दम गेला की हात वर करायचा, त्याच्या गावचे सगळेच करतात तसा. तो डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा, पकड उशिरा घालायचा, आणि ती सुटली की धुळीत पडून हसायचा. चांगले गडी आले की त्याला बसवायचे. मग तो कडेला बसून आरोळ्या मारायचा. ज्यांना माणूस कमी पडे त्यांच्याकडे जायचा. त्याच्या घरी दोरीवर सगळ्या रंगांचे बनियन वाळत असत.

मी थांबले. मुली वाट पाहत होत्या. मग सवयीने त्यांनी पाट्या पुढे ओढल्या आणि एकीने विचारले, "बाई, तात्पर्य?"

"पाट्या ठेवा," मी म्हणाले.

वर्ग गोंधळला. तेवढ्यात धाकटी बोलली. वर्गात मला 'बाई' म्हणायचे, हे ती विसरली. "आत्या, घरी पण असंच. पत्त्यांत हरले की गादीवर पडून हसायचे. आई रागवायची." आणि ती तोंडावर हात दाबून हसू लागली. बाकीच्या मुलीही हसल्या. मी फळ्याकडे तोंड केले आणि पुसलेला फळा पुन्हा पुसत राहिले.

चैत्रात आपल्या गावची जत्रा आहे. आप्पांनी सांगावा धाडला आहे की, कडेला बसायला या; तू बसायचास ती जागा ते दाखवणार आहेत. मी जाणार आहे, दादा. काही बोलणार नाही. आरोळी मारायला मला येत नाही. धाकटी म्हणते, तिला येते.